वाळवीच्या राणीच्या पोटावरील तपकिरी पट्ट्या कशाच्या असतात?

विज्ञानशिक्षिका

नमस्कार. मी विदर्भातील एका खेड्यात सातवी-आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. शाळेच्या कुंपणासाठी खड्डे खणताना एक जुने वारूळ फुटले आणि आतील मातीच्या कठीण कोठडीत वाळवीची राणी सापडली. मुलांनी ती भिंगातून बराच वेळ पाहिली. त्यानंतर त्यांनी जे प्रश्न विचारले त्यांची समाधानकारक उत्तरे माझ्याकडे नव्हती, म्हणून येथे विचारत आहे.

राणीचे डोके आणि छाती अगदी लहान, तपकिरी आणि पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या पंखांच्या वाळवीइतकीच होती. पोट मात्र करंगळीएवढे लांब, पिवळसर पांढरे आणि ताणलेले होते. त्या पोटावर वरच्या बाजूला अंतराअंतराने गडद तपकिरी आडव्या पट्ट्या होत्या आणि राणी उलटी केल्यावर खालच्या बाजूसही तशाच पट्ट्या दिसल्या. गवताच्या काडीने हलकेच दाबले असता पट्टी वाकत नव्हती, तिच्या आजूबाजूचा पांढरा भाग मात्र सहज आत जात होता. ही केवळ रंगाची नक्षी नाही, एवढे त्यावरून आमच्या ध्यानात आले.

पाठ्यपुस्तकात कीटकांचे शरीर कठीण बाह्यकवचाने झाकलेले असते आणि वाढ होण्यासाठी त्यांना कात टाकावी लागते, असे आम्ही शिकवतो. राणीचे पोट बघता हे दोन्ही खोटे वाटते, असे एका मुलीने स्पष्टच सांगितले, आणि तिचे म्हणणे मला टाळण्यासारखे वाटले नाही. कवच जर सगळीकडे कठीण असते, तर राणीचे पोट इतके मऊ कसे? ती जर कात टाकून वाढली असेल, तर डोके आणि पट्ट्या तेवढ्या लहानच का राहिल्या? या पट्ट्या नेमक्या कसल्या, आणि त्या एकमेकींपासून इतक्या दूर कशा गेल्या? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मुलांना सोपे करून सांगण्याचे काम मी करीन, पण आधी मला स्वतःला ते नीट समजायला हवे.

अनंतमूळ

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा आक्षेप योग्य आहे. कीटकाचे कवच म्हणजे अखंड, सारख्या जाडीचे चिलखत अशी जी कल्पना शाळेत मनात बसते तिच्यामुळेच राणीचे पोट कोड्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कीटकाच्या अंगावरील आवरण एकच आणि सलग असले तरी त्याचे काही भाग कठीण झालेले असतात आणि काही भाग आयुष्यभर मऊ राहतात. कठीण झालेल्या भागांना स्क्लेराइट म्हणतात. आपण त्यांना पट्टिका म्हणू. पोटाच्या प्रत्येक खंडावर साधारणपणे वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला एक पट्टिका असते आणि दोन पट्टिकांच्या मध्ये मऊ पडदा असतो. वाळवीच्या पोटाला दहा खंड असतात. राणीच्या पोटावर आपण पाहिलेल्या तपकिरी पट्ट्या म्हणजे याच पट्टिका. उडणाऱ्या वाळवीच्या अंगावर त्या एकमेकींना भिडलेल्या, थोड्या एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून तिचे सगळे पोट तपकिरी दिसते. राणीत त्याच पट्टिका तेवढ्याच आकाराच्या राहिल्या आहेत आणि मधला पडदा प्रचंड वाढला आहे.

आता हे कठीणपण कोठून येते ते पाहू, कारण उत्तराचा खरा गाभा तेथे आहे. कीटकाच्या शरीराबाहेर पेशींचा एकच थर असतो आणि तो थर आपल्या बाहेरच्या बाजूला क्यूटिकल नावाचे आवरण स्रवतो. क्यूटिकलमध्ये सर्वांत बाहेर मेणाचा अतिशय पातळ लेप असतो, जो शरीरातील पाणी उडून जाऊ देत नाही, आणि त्याखाली कायटिन व प्रथिने यांचे थरांवर थर असतात. कायटिनचे सूक्ष्म तंतू प्रत्येक थरात समांतर मांडलेले असतात, पण प्रत्येक पुढच्या थरात त्यांची दिशा किंचित वळलेली असते, त्यामुळे कोणत्याही एका दिशेने आवरण सहज चिरत नाही. तरीही कायटिन स्वतः कठीण नसते. ओडिए या फ्रेंच संशोधकाने १८२३ मध्ये भुंगेऱ्यांच्या पंखकवचांपासून हा पदार्थ वेगळा करून त्याला नाव दिले, तेव्हा अल्कलीत उकळून प्रथिने काढून टाकल्यावर मागे उरलेले कायटिन लवचीकच होते. मऊ पडदा आणि कठीण पट्टिका या दोहोंत कायटिन असते. फरक पडतो तो प्रथिनांमुळे आणि त्या प्रथिनांवर पुढे होणाऱ्या प्रक्रियेमुळे.

कात टाकल्यावर बाहेर येणारा कीटक फिकट आणि मऊ असतो. स्वयंपाकघरात कधीतरी दिसणारे पांढरेशुभ्र झुरळ ही वेगळी जात नसून नुकतीच कात टाकलेले नेहमीचे झुरळ असते आणि काही तासांत ते तपकिरी होते. त्या काळात मज्जासंस्थेतून बर्सिकॉन हे संप्रेरक सुटते. १९६२ मध्ये माश्यांवरील प्रयोगांतून त्याचा प्रथम शोध लागला. त्याच्या प्रभावाने टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनलेले डोपामिन वर्गातील पदार्थ क्यूटिकलमध्ये उतरतात, लॅकेस नावाचे विकर त्यांचे क्विनोनमध्ये रूपांतर करते आणि हे क्विनोन शेजारशेजारच्या प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधून टाकतात. त्याबरोबर त्या भागातील पाणीही कमी होते. बाभळीच्या सालीने कातडे कमावताना जे घडते त्याच्याशी याचे इतके साम्य आहे की या प्रक्रियेला शास्त्रातही कमावणे असेच म्हटले जाते. प्रायर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४० मध्ये झुरळाच्या अंड्यांच्या डबीवर काम करून ही कल्पना मांडली. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिठात होणाऱ्या लाल भुंगेऱ्यातील लॅकेसचे एक जनुक बंद पाडण्यात आले, तेव्हा त्या भुंगेऱ्यांचे आवरण मऊ आणि पांढुरकेच राहिले व ते मेले. माझ्या मते या विषयातील हा सर्वांत बोलका पुरावा आहे.

एकदा कमावलेली पट्टिका मागे फिरत नाही. तिच्यातील बंध सुटत नाहीत, ती ताणत नाही आणि तिच्यात नवी भर घालून तिला रुंद करता येत नाही. सर्वसाधारण कीटक यावर उपाय म्हणून जुन्या आवरणाखाली घड्या घातलेले नवे आवरण तयार करतो, जुन्याचा आतला न कमावलेला थर पचवून परत शोषून घेतो, आणि राहिलेला कठीण थर कात म्हणून टाकून देतो. नव्या घड्या उलगडल्या की मगच कमावण्याची प्रक्रिया सुरू होते.

राणीने मात्र शेवटची कात पंख फुटतानाच, उडण्यापूर्वी टाकलेली असते. पहिल्या पावसात उडालेली ती मादी पंख गाळून नराबरोबर जमिनीत शिरते आणि त्यानंतर पुन्हा कधीही कात टाकत नाही. म्हणून तिचे डोके, छाती आणि पोटावरील पट्टिका त्या दिवशी जेवढ्या होत्या तेवढ्याच अखेरपर्यंत राहतात. पुढे बीजकोश वाढू लागले की मधल्या पडद्याच्या घड्या आधी उलगडतात, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून पडद्याखालच्या पेशी कात न टाकताच नवे क्यूटिकल स्रवत राहतात आणि पडदा क्षेत्रफळाने व जाडीनेही वाढतो. कीटकांमध्ये ही गोष्ट फार असाधारण आहे. दिवसाला हजारो अंडी घालणारे पोट मातीच्या बंद कोठडीत सांभाळले जाते आणि कामकरी वाळवी तिला भरवतात, म्हणून मऊ पोटाचा धोका तिला परवडतो.

तेव्हा पाठ्यपुस्तकातील दोन्ही वाक्ये खोटी नाहीत, पण ती पट्टिकांपुरतीच खरी आहेत. पडद्याविषयी ती काहीच सांगत नाहीत. सर्वांत मऊ आणि सर्वांत कठीण क्यूटिकल यांच्या ताठपणात दहा लाख पटींहून अधिक फरक असू शकतो, आणि हे सारे एकाच पेशीथरातून निर्माण होते, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी असे मला वाटते.

गोठा आणि दवाखाना

अनंतमूळ यांचे विवेचन उत्तम आहे. मी पशुवैद्यक असल्यामुळे ज्या प्राण्याशी माझा रोजचा संबंध येतो त्याचे उदाहरण जोडतो. खेड्यातील मुलांना वाळवीच्या राणीपेक्षा तो कितीतरी सहज पाहायला मिळेल.

गाई-म्हशींच्या कानामागे आणि कासेजवळ चिकटलेला गोचीड हा कीटक नाही. तो कोळ्यांच्या आणि विंचवांच्या नात्यातील, आठ पायांचा प्राणी आहे. तरी त्याचे आवरण याच तत्त्वाने बनलेले असते. जनावरांवर नेहमी आढळणाऱ्या गोचिडांच्या पाठीवर एक कठीण पट्टिका असते. नराच्या बाबतीत ती जवळजवळ संपूर्ण पाठ व्यापते. मादीच्या बाबतीत ती डोक्यामागच्या थोड्या भागापुरतीच असते आणि उरलेली पाठ बारीक सुरकुत्यांच्या मऊ आवरणाची असते. या एका फरकामुळे दोघांचे आयुष्य वेगळे होते. नराला फुगायला जागाच नसते, म्हणून तो थोडेच रक्त पितो. मादी मात्र सुमारे आठवडाभर चिकटून राहते आणि तिचे वजन उपाशी अवस्थेच्या सुमारे शंभर पट होऊ शकते. करड्या रंगाचा, वाटाण्यासारखा टपोरा गोचीड म्हणजे रक्त प्यालेली मादी असते. भिंगातून पाहिल्यास तिच्या पुढच्या टोकाशी लहानशी तपकिरी पट्टिका तशीच दिसेल. ती मुळीच वाढलेली नसते.

यात एक बारकावा आहे. आवरण नुसते ताणून शंभर पट वजन मावणार नाही. मादी चिकटल्यानंतरचे बरेच दिवस रक्त हळूहळू पीत असते आणि त्या काळात तिच्या पेशी नवे, न कमावलेले क्यूटिकल तयार करत असतात. ती तयारी झाल्यावर शेवटच्या एका दिवसात ती झपाट्याने रक्त भरून घेते आणि तेव्हा हे नवे आवरण ताणले जाते. वाळवीच्या राणीप्रमाणे येथेही कात न टाकता आवरण वाढते, त्यामुळे अनंतमूळ यांनी ज्याला असाधारण म्हटले ते कीटकांपुरते ठीक आहे, पण गोचिडांच्या जगात प्रत्येक मादी ते करते.

कोंबड्यांच्या खुराड्यातील फटींत राहणाऱ्या गोचिडांचा प्रकार वेगळा असतो. त्यांच्या पाठीवर अशी पट्टिका मुळीच नसते. सगळे अंग चामड्यासारख्या सुरकुत्यांचे असते, त्यामुळे प्रौढ गोचीड रात्री येऊन थोड्याच वेळात पोटभर रक्त पितो आणि पहाटेपूर्वी फटीत परततो. पट्टिका किती मोठी आहे यावरून प्राणी कसा आणि किती वेळ खातो हे सांगता येते, ही गोष्ट मला वर्षानुवर्षे पाहूनही कौतुकाची वाटते.

मुलांना गोचीड दाखवायचा असल्यास तो जनावरावरून काढून घट्ट झाकणाच्या बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवावा. बोटांनी चिरडू नये, कारण त्याच्या रक्तातून रोगजंतू पसरू शकतात.

तुतीचा मळा

आमच्या मराठवाड्यात अनेक शेतकरी तुती लावून रेशीम कोष काढतात आणि मीही त्यांपैकी एक आहे. वरील चर्चा वाचताना आमच्या अळ्यांविषयी लिहावेसे वाटले.

रेशीम अळीचे बहुतेक सगळे शरीर मऊ असते, कठीण असते ते प्रामुख्याने डोके. अळी अंड्यातून बाहेर आल्यापासून कोष विणेपर्यंत तिचे वजन सुमारे दहा हजार पट होते आणि त्या काळात ती चार वेळा कात टाकते. दोन कातींच्या मध्ये शरीर दिवसागणिक वाढताना स्पष्ट दिसते, कारण मऊ आवरणात तेवढी सवड असते. डोके मात्र त्या संपूर्ण अवस्थेत तेवढेच राहते. म्हणून प्रत्येक अवस्थेच्या सुरुवातीला अळी मोठ्या डोक्याची दिसते आणि शेवटी लहान डोक्याची. अवस्था ओळखायला आम्ही याचा उपयोग करतो.

कात टाकण्यापूर्वी अळी खाणे थांबवते, पुढचा भाग वर उचलून निश्चल राहते आणि आम्ही अळी झोपेत गेली असे म्हणतो. त्या वेळी निरखून पाहिले तर जुने डोके पुढे सरकून तोंडाशी टोपीसारखे अडकलेले आणि त्याच्या मागे नव्या, मोठ्या डोक्याचा फिकट फुगवटा तयार झालेला दिसतो. त्या दिवसांत पाला घालायचा नाही आणि बिछाना कोरडा राहावा म्हणून चुना भुरभुरायचा, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. कात पडल्यावरही लगेच पाला देण्याची घाई करायची नसते. नवे जबडे कठीण झालेले नसतात आणि बहुसंख्य अळ्या उठेपर्यंत थांबावे लागते.

डायर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १८९० मध्ये अनेक अळ्यांच्या डोक्यांची रुंदी मोजून दाखवले की प्रत्येक कातीनंतर ती साधारण ठरावीक पटीने वाढते. ही पट बहुधा १.४ च्या आसपास असते आणि जातीनुसार कमीजास्त होते. कठीण भाग पायऱ्यापायऱ्यांनी आणि मऊ भाग सलग वाढतो, हे वहीत आलेख काढून दाखवण्याजोगे उदाहरण आहे. जवळ कोणी रेशीम शेतकरी असल्यास शाळेने त्याच्याकडून टाकून दिलेल्या काती आणि डोक्यांची टरफले मागून घ्यावीत.

विज्ञानशिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आस्थेने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. राणीच्या पट्ट्यांचे उत्तर मिळाले, पण त्यातून दोन नवे प्रश्न उभे राहिले आहेत.

पहिला असा की गडद रंग म्हणजे कठीणपण, असे मानावे का? पांढरे झुरळ मऊ आणि तपकिरी झुरळ कठीण, यावरून मुले तसा निष्कर्ष काढतील. दुसरा प्रश्न खेकड्याविषयी आहे. त्याचे कवच भुंगेऱ्यापेक्षा कितीतरी जाड आणि दगडासारखे असते. तेही कमावल्यामुळेच कठीण होते का? पट्टिकांचा उपयोग केवळ संरक्षणासाठी असतो, असे मी आजवर सांगत आले. तेही पुरेसे आहे का, याविषयी कोणी लिहिल्यास बरे होईल.

कातळकिनारा

मी कोकणातला, किनाऱ्यावरच्या प्राण्यांची आवड असलेला माणूस आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्या आवरणात कायटिन आणि प्रथिने असतातच आणि थोड्याफार प्रमाणात कमावणेही घडते. त्यांचा खरा कठीणपणा मात्र त्या जाळीत साठणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे येतो. चिंबोरीच्या पायांच्या सांध्यांत हा क्षार साठत नाही, म्हणून तेथे पडदा राहतो आणि सांधा वाकतो. पाठीवरचे रुंद कवच अनेक खंडांचे भाग एकत्र येऊन बनलेले असते, तर पोट खाली दुमडलेले असते आणि त्याच्या पट्टिका वेगवेगळ्या मोजता येतात. नराचे पोट अरुंद व निमुळते, मादीचे रुंद असते, कारण त्याखाली ती अंडी सांभाळते. बाजारात नर-मादी ओळखताना कोळीण चिंबोरी उलटी करते ती याच पट्टिका पाहण्यासाठी.

क्षाराने कठीण होणाऱ्या प्राण्यासमोर एक अडचण असते. कात टाकली की ते सगळे कॅल्शियम वाया जाते. समुद्रातील खेकड्याला ते पाण्यातून पुन्हा मिळवता येते. जमिनीवर राहणाऱ्यांना ते इतके सोपे नसते. कुंडीखाली किंवा ओल्या दगडाखाली आढळणारे, राखाडी रंगाचे, चौदा पायांचे बारीक कवचधारी प्राणी आपण पाहिले असतील. तेही खेकड्यांचे नातलग आहेत. ते कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी शरीराचा मागचा अर्धा भाग आणि नंतर पुढचा. त्याआधी जुन्या आवरणातील काही कॅल्शियम काढून ते पुढच्या भागातील छातीच्या पट्टिकांखाली साठवून ठेवतात. तेव्हा तेथे पांढरे डाग दिसतात. मागच्या भागाचे नवे आवरण त्या साठ्यातून कठीण होऊ लागते आणि मग पुढच्या भागाची पाळी येते. पावसाळ्यात शाळेच्या आवारात असा अर्धा फिकट, अर्धा गडद प्राणी मुलांना नक्की मिळेल. वाणी किंवा पैसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल वळणाऱ्या प्राण्याच्या कड्यांतही असाच क्षार असतो. मेलेल्या वाण्याच्या पांढऱ्या कड्या माळावर बराच काळ पडून राहतात त्या त्यामुळेच.

सर्वच पट्टिका वाढीच्या बाबतीत अडलेल्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकाला चिकटलेले कायटन मऊ अंगाचे, शंख-शिंपल्यांच्या कुळातले प्राणी असतात. त्यांच्या पाठीवर एकामागे एक आठ पट्टिका असतात, त्या पूर्णपणे क्षाराच्या असतात आणि कडांना नवी भर पडून आयुष्यभर वाढतात. कायटन कात टाकत नाही. हिंदी महासागराच्या तळाशी उष्ण पाण्याच्या झऱ्यांजवळ २००१ मध्ये सापडलेल्या एका गोगलगायीच्या पायावर तर खवल्यांसारख्या पट्टिका असून त्यांवर लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा थर असतो. या सगळ्या पट्टिका दिसायला सारख्या असल्या तरी वाळवीच्या पट्टिकांशी त्यांचे वंशाने नाते नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत विलक्षण प्राणी बार्नॅकल. खडकांवर, जेटीच्या खांबांवर आणि होड्यांच्या तळाला चिकटलेले ते खरखरीत पांढरे सुळके अनवाणी चालणाऱ्याचे पाय कापतात. ते खेकड्यांच्याच वर्गातले आहेत. त्यांच्या बाहेरच्या भिंतीच्या पट्टिका कायटनप्रमाणे कडेने वाढतात आणि कधीच टाकल्या जात नाहीत, पण भिंतीच्या आत राहणारे शरीर आणि पाण्यातून अन्न गाळणारे पिसांसारखे पाय मात्र खेकड्याप्रमाणे पुन्हापुन्हा कात टाकतात. वाढण्याच्या दोन्ही पद्धती एकाच प्राण्यात नांदतात. डार्विन यांनी आयुष्याची सुमारे आठ वर्षे या प्राण्यांच्या अभ्यासाला दिली, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

अनंतमूळ

रंगाविषयीचा ताईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कमावण्याच्या प्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या डोपामिन वर्गातील एका पदार्थामुळे आवरण कठीण होऊनही जवळजवळ रंगहीन राहते, दुसऱ्यामुळे तपकिरी होते, आणि काळा रंग बहुधा मेलॅनिनमुळे येतो. म्हणून पांढरट पण कठीण आवरण आणि गडद पण लवचीक आवरण ही दोन्ही निसर्गात आढळतात. झुरळात रंग आणि कठीणपण बरोबरीने येतात एवढेच त्या उदाहरणावरून सांगावे, नियम म्हणून सांगू नये. विंचवांची गोष्ट येथे जोडतो. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो, पण नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. आवरण कठीण होऊ लागते तशी चमक येते, आणि ती साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगापेक्षा वेगळ्याच पदार्थांमुळे येते.

संरक्षण हा पट्टिकांचा एक उपयोग झाला. कीटकाच्या शरीरात हाडे नसतात, त्याचे स्नायू पट्टिकांच्या आतल्या बाजूला आणि पट्टिकांपासून आत वळलेल्या कण्यांना जोडलेले असतात. पट्टिका ताठ नसेल तर स्नायू आकसल्यावर केवळ आवरण सुरकुतेल, पाय हलणार नाही. माशीच्या उडण्यात तर बहुतेक ताकद पंखाला थेट न जोडलेल्या स्नायूंची असते. छातीची वरची पट्टिका खाली ओढली गेली की कडेच्या लहान पट्टिकांच्या टेकूवर पंख वर उचलला जातो, आणि छाती लांबीने आकसून तीच पट्टिका पुन्हा फुगली की पंख खाली येतो. पंखाच्या बुंध्याशी असलेल्या त्या इवल्या पट्टिकांनाच पंखाची दिशा ठरवायची असते. शेजारी रेझिलिन नावाचे रबरासारखे प्रथिन असते, जे १९६० मध्ये वाइस-फोग यांनी टोळ आणि चतुर यांच्या अभ्यासातून ओळखले. पट्टिका, पडदा आणि रेझिलिन हे तिन्ही मिळून उड्डाण घडते, त्यामुळे यांतील एकाला मुख्य आणि इतरांना गौण म्हणणे मला पटत नाही.

संरक्षणाचे टोकाचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका न उडणाऱ्या भुंगेऱ्याचे देता येईल. त्याची दोन्ही पंखकवचे मधल्या रेषेवर कायमची जोडलेली असून त्या जोडातील दाते एकमेकांत गुंतलेले असतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३९,००० पट भार सहन करतो. अर्थात त्याबदल्यात त्याने उडणे कायमचे गमावले आहे.

वर्गात करून दाखवण्यासाठी एक साधा प्रयोग सुचवतो. खेकड्याच्या कवचाचा एक तुकडा आणि मेलेल्या भुंगेऱ्याचे एक पंखकवच वेगवेगळ्या काचेच्या भांड्यांत साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवावे. खेकड्याच्या तुकड्यावर लगेच बुडबुडे येऊ लागतील, कारण आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेट विरघळून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक-दोन दिवसांत व्हिनेगर बदलत गेल्यास तो तुकडा बोटांनी वाकवता येईल इतका मऊ होतो. भुंगेऱ्याच्या पंखकवचावर मात्र बुडबुडे येत नाहीत आणि ते ताठच राहते, कारण प्रथिनांमधले बंध एवढ्या सौम्य आम्लाने सुटत नाहीत. तिसऱ्या भांड्यात वाण्याची पांढरी कडी ठेवावी आणि ती कोणासारखी वागेल याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला सांगावा.

राणी अजून जवळ असेल तर तिला सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावे, शेजारी दिव्याखाली पडलेली एक पंखांची वाळवीही ठेवावी, आणि दोघींच्या पोटावरील एकेका पट्टिकेची रुंदी आलेख-कागदावर मुलांकडून मोजून घ्यावी. दोन्ही एकाच जातीच्या आहेत याची खात्री नसेल तर पुढच्या पावसात त्याच आवारातील वारुळातून उडणारी वाळवी गोळा करेपर्यंत थांबणे चांगले.